मगरींच्या आधीच्या मगरी

१८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मध्य भारतातून आलेल्या एका कवटीचं वर्णन छापलं. ती सापडली होती नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या मांगली गावाजवळच्या खडकात. ती लंडनपर्यंत पोचली स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपुरातल्या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांमुळे. नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेजमुळे यातलं एक नाव तरी ओळखीचं असेल. धर्मप्रसाराच्या कामातून वेळ काढून हिस्लॉप दगड फोडत, जीवाश्म गोळा करत हिंडायचे. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

ओवेन यांनी मांगलीच्या प्राण्याचं नाव ठेवलं ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स. लेखाच्या शीर्षकात त्याला म्हटलं 'सरपटणारा प्राणी'. आज तोच प्राणी उभयचरांच्या रांगेत, म्हणजे बेडकांच्या दूरच्या नात्यात बसतो. ओवेन काही कच्चे नव्हते. 'डायनोसॉर' हा गट बांधून त्याला नाव देणारे तेच. पण त्या काळी जमिनीवरच्या चार पायांच्या थंड रक्ताच्या प्राण्यांची वाटणी अजून नीट झालेली नव्हती. आणि दगडातून फक्त हाड मिळतं. कातडी ओलसर होती की खवल्यांची, अंडी पाण्यात घातली की जमिनीवर, हे हाड बोलून दाखवत नाही.

मग आज कशावरून ओळखतात?

पहिली खूण कवटीच्या मागच्या बाजूला असते. मान जिथे कवटीला जोडते तिथे हाडाचा उंचवटा असतो. बेडकाला असे दोन उंचवटे असतात, सरडा, साप, मगर आणि पक्षी यांना एकच. (आपल्यालाही दोनच असतात, पण सस्तन प्राण्यांनी ते स्वतंत्रपणे मिळवले. त्यामुळे ही एकच खूण धरून चालत नाही.) दुसरी खूण मला सगळ्यात आवडते. माशाच्या अंगावर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेघ दिसते. पाण्याची हालचाल जाणणारं ते इंद्रिय आहे. पाण्यात राहणाऱ्या कित्येक प्राचीन उभयचरांतही ते होतं, आणि डोक्यावर जिथून ते जाई तिथे कवटीच्या हाडात पन्हळीसारखी खाच राही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पूर्वजांनी हे इंद्रिय गमावलं आणि त्यांच्या वंशात ते परत कधीच आलं नाही, अगदी पुन्हा समुद्रात गेलेल्यांतही नाही. तेव्हा कवटीवर अशी खाच दिसली की प्राणी सरपटणाऱ्यांतला नाही, हे नक्की.

तिसरी खूण दातात. यातल्या अनेक प्राण्यांचा दात आडवा कापून भिंगाखाली धरला तर आतलं दंतद्रव्य नागमोडी घड्या घालत मध्यापर्यंत शिरलेलं दिसतं. पुढच्या पायाची बोटं मिळाली तर तीही मोजतात. या प्राण्यांना तिथे सहसा चार बोटं असतात, बेडकालाही चारच; मगरीला पाच.

या खुणांवर जे उभयचर ओळखले जातात त्यांतला सगळ्यात मोठा गट म्हणजे टेम्नोस्पॉन्डिल. नाव जडच आहे, पण मराठीत रूढ असा सोपा शब्द नाही, म्हणून हाच वापरू. या गटातल्या काहींची पिल्लंसुद्धा दगडात उमटलेली मिळाली आहेत, डोक्यामागे बाहेर आलेल्या पिसांसारख्या कल्ल्यांसकट. जर्मनीतल्या जुन्या तळ्यांच्या गाळात असे ठसे भरपूर आहेत. बेडूकमासा जसा पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेत वाढतो, तसंच यांचंही बालपण होतं. आजचे बेडूक याच गटाच्या एका लहानखुऱ्या शाखेतून आले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

लहानखुरी शाखा म्हटलं कारण बाकीचे काही लहान नव्हते. जर्मनीतल्या ट्रायासिक (ढोबळ मानाने २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांतल्या मॅस्टोडोनसॉरसची नुसती कवटी एक मीटरहून लांब असे. त्याच्या खालच्या जबड्यातले दोन सुळे इतके उंच की तोंड मिटलं की ते वरच्या जबड्यात, नाकपुड्यांच्या पुढे असलेल्या दोन भोकांतून वर डोकावत. ब्राझीलच्या प्रायोनोसुकसचं तोंड सुसरीसारखं लांब आणि अरुंद होतं. त्याची लांबी ९ मीटर सांगितली जाते, पण ती हाडाच्या एका तुकड्यावरून केलेली बेरीज आहे, म्हणून जपून घ्यावी.

अशा प्राण्याचं चित्र काढा आणि कुणालाही दाखवा. उत्तर येईल, मगर. आणि हे केवळ चित्रकाराचं कसब नाही. नदीत दबा धरून शिकार करायची तर शरीराला काही अटी पाळाव्या लागतात. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला हवेत, म्हणजे बाकीचं धूड पाण्याखाली ठेवून वर पाहता येतं. डोकं चपटं हवं. जबडा लांब हवा, कारण मासा दूरवरून एका झटक्यात पकडायचा असतो. जबडा जितका अरुंद तितका पाण्यातून आडवा फिरवताना अडथळा कमी, पण मोठ्या जनावराच्या झटापटीत तो मोडण्याची भीती जास्त. म्हणून मासे खाणाऱ्या सुसरीचं तोंड काठीसारखं आणि म्हशीलाही ओढणाऱ्या मगरीचं रुंद. शेपूट दणकट हवी, पाय आखूड चालतात. या अटी पाण्याने घातलेल्या आहेत, वंशाने नाही. जो प्राणी या कामाला लागेल त्याचं शरीर पिढ्यान्‌पिढ्या याच साच्याकडे सरकतं, मग तो बेडकाचा नातलग असो की सरड्याचा.

उत्क्रांतीबद्दल शाळेत जे शिकवतात त्यात ही गोष्ट फार घाईत उरकली जाते, असं माझं मत आहे. वटवाघूळ आणि पक्षी, शार्क आणि डॉल्फिन अशी दोन जोड्यांची नावं सांगितली की धडा संपतो. वास्तविक एकच जागा एकामागून एक निरनिराळ्या वंशांनी कशी भरली हे बघायचं असेल तर विदर्भाच्या दक्षिण टोकापासून तेलंगणात उतरणारं प्राणहिता-गोदावरीचं खोरं पाहावं. तिथल्या गोंडवन खडकांचे, म्हणजे प्राचीन नद्या-तळ्यांच्या गाळातून बनलेल्या खडकांचे, थर एकावर एक रचलेले आहेत आणि वर्धा खोऱ्यातल्या मांगलीचा थर याच खडकमालेचा उत्तरेकडचा भाग.

मांगलीपासून सुरुवात करू. हा थर ट्रायासिक कालखंडाच्या सुरुवातीचा, म्हणजे ढोबळ मानाने २५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या आधी, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा संहार होऊन गेला होता आणि समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट झाल्या होत्या. गोड्या पाण्यात मात्र टेम्नोस्पॉन्डिल त्यातून तगले, नुसते तगले नाहीत तर फोफावले. मांगलीच्या दगडात ब्रॅकिओप्सच्या सोबतीला शिंपल्यासारखं दोन झाकणांचं कवच असलेले इवलेसे कवचधारी जीव मिळतात. त्यांच्या जातीलाही मांगलीचंच नाव आहे. यांचे आजचे भाईबंद पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत सापडतात. यावरून तेव्हाच्या मांगलीतल्या पाण्याची कल्पना करायला हरकत नाही.

आता चंद्रपूरच्या दक्षिणेला, सीमेपलीकडे जाऊ. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मलेरी नावाचं गाव आहे. त्याच्या परिसरातली लाल माती जगभरच्या पुराजीवशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. ट्रायासिकच्या उत्तरार्धात, २३ कोटी वर्षांच्या आसपास, इथे नद्या वाहत होत्या आणि पूर आला की काठावर गाळ पसरत होता. या लाल चिकणमातीच्या खडकात फुप्फुसमाशांचे दात मिळतात, प्राण्यांची दगड झालेली विष्ठा मिळते, आणि चोचीसारख्या तोंडाच्या, झाडपाला खाणाऱ्या हायपरोडॅपेडॉनची हाडं तर इतकी की त्या काळातली ती गुरंढोरंच म्हणावीत.

इथल्या संशोधनामागची संस्था कुणालाही पटकन सुचणार नाही: कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर कुठून आले? संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं कुतूहल मोकाट होतं. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि संस्थेत भूशास्त्राचं काम उभं राहिलं. पुढची कित्येक वर्षं तिथली मंडळी या खोऱ्यात तंबू ठोकून उत्खनन करत होती.

मलेरीच्या पाण्यात एकाच वेळी दोन 'मगरी' होत्या आणि दोन्ही खऱ्या मगरी नव्हत्या.

पहिली, मेटोपोसॉर गटातला टेम्नोस्पॉन्डिल. मलेरीच्या जातीचं वर्णन १९६५ मध्ये मेटोपोसॉरस मलेरिएन्सिस या नावाने झालं, आता तिला पँथासॉरस म्हणतात. मेटोपोसॉरची कवटी वरून पाहिली तर उताणं ठेवलेलं सूप आठवतं: चपटी, पसरट, पुढे गोलसर. गंमत डोळ्यांची आहे. मगरीचे डोळे कवटीच्या मागच्या भागात असतात, मेटोपोसॉरचे अगदी पुढे, तोंडाच्या टोकाकडे सरकलेले. डोळ्यांच्या मागे हाडाचं मोठं मोकळं पठार, त्यावर खळगे आणि कंगोरे कोरल्यासारखे, आणि त्यातून वळत गेलेली ती संवेदी खाच. पाय इतके किरकोळ की जमिनीवर हा प्राणी फार लांब जात नसणार. जड, जाड हाडांमुळे तळाशी बसून राहणं सोपं जाई. समोर मासा आला की तोंड एकदम उघडायचं, पाण्यासकट भक्ष्य आत ओढायचं. पोर्तुगालच्या अल्गार्व्हमध्ये आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एकेका थरात मेटोपोसॉरची हाडं ढिगाने मिळाली आहेत. तळं आटत गेलं आणि शेवटच्या पाण्याभोवती सगळे गोळा होऊन मेले, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण.

दुसरी मगर म्हणजे पॅरासुकस हिस्लोपी. हो, नागपूरचेच हिस्लॉप. हा फायटोसॉर गटातला सरपटणारा प्राणी, अडीच मीटरच्या घरातला, लांब अरुंद जबड्याचा, पाठीवर हाडांच्या ढाली असलेला. याच्या नावाचा इतिहास म्हणजे तुटक्या हाडांवरून निष्कर्ष काढताना काय होतं याचा धडाच. ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी १८८५ मध्ये वर्णन केलं तेव्हा हाताशी होते फक्त तुकडे. कवटीच्या बुडाचा त्यातला एक तुकडा मुळात हायपरोडॅपेडॉनचा निघाला! म्हणजे नाव एका प्राण्याचं आणि पुरावा दोघांचा. भारतीय पुराजीवशास्त्रज्ञ शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये मलेरीच्या खडकातले पॅरासुकसचे जवळजवळ पूर्ण सांगाडे प्रसिद्ध केले आणि मग कुठे हा प्राणी पायावर उभा राहिला. पुढे नामकरणाचे नियम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जुने तुकडे बाजूला ठेवून चॅटर्जींच्या सांगाड्यालाच या नावाचा अधिकृत नमुना ठरवलं.

याच सांगाड्यांतल्या दोन शेजारशेजारच्या पॅरासुकसच्या पोटाच्या जागी आणखी हाडं होती. ती स्वच्छ केल्यावर दिसलं की तो एक सडपातळ, लांब मानेचा, विज्ञानाला तोवर माहीत नसलेला सरपटणारा प्राणी आहे. दोघांच्याही पोटात तोच. १९८० मध्ये त्याला नाव मिळालं मलेरिसॉरस रॉबिन्सनी, पामेलाबाईंच्या सन्मानार्थ. कुणाच्या तरी शेवटच्या जेवणातून नवा प्राणी हाती लागावा, असं रोज घडत नाही. शिवाय यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: अरुंद जबड्याचा असूनही पॅरासुकस फक्त माशांवर जगत नव्हता, काठावरचं जनावरही धरत होता.

फायटोसॉर आणि मगर यांत फरक कसा करायचा? नाकपुड्या पाहा. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या अगदी टोकाला असतात. पाण्यातून फक्त टोक वर काढून ती श्वास घेते, आणि ती हवा टाळूच्या वर हाडाने बंदिस्त केलेल्या लांब नळीतून थेट घशापर्यंत जाते. तोंडात पाणी असलं तरी श्वास चालू राहतो. फायटोसॉरने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला. त्याच्या नाकपुड्या मागे, डोळ्यांच्या पुढ्यात, उंचवट्यावर होत्या. डोळे पाण्यावर आले की नाकपुड्याही आपोआप वर. हवेला तोंडाची सगळी लांबी ओलांडायचीच नव्हती, म्हणून मगरीसारखी लांब बंदिस्त नळी बनवण्याची गरजही नव्हती. एकाच कामाला दोन वेगळी उत्तरं मिळाली की समजावं, दोघांनी उत्तर एकमेकांकडून घेतलेलं नाही. फायटोसॉर नेमके कुठल्या फांदीवर बसवायचे यावर अजून वाद आहे. काही जण त्यांना मगरींच्या शाखेच्या अगदी तळाशी ठेवतात, काही जण मगरी आणि डायनोसॉर यांचा फाटा फुटण्याच्याही आधी. पण ते मगरींचे पूर्वज नव्हते, यावर एकमत आहे.

मग तेव्हा मगरींचे खरे नातलग काय करत होते? जमिनीवर धावत होते. वेल्समधला टेरेस्ट्रिसुकस, अमेरिकेतला हेस्पेरोसुकस, हे ट्रायासिकमधले मगरींचे जवळचे आप्त काटकुळे, लांब पायांचे, शरीर जमिनीपासून उचलून चालणारे प्राणी होते. मगरीसारखं दिसणाऱ्यांत मगरीचे पूर्वज शोधले असते तर ते कधीच मिळाले नसते.

मलेरीच्या वरच्या थरांत मेटोपोसॉर दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी टेम्नोस्पॉन्डिलांचा वेगळाच गट येतो, चिगुटिसॉर. त्यांच्या कवटीच्या मागच्या कोपऱ्यांतून शिंगांसारखी टोकं बाहेर येत. नटांची अदलाबदल झाली, भूमिका तीच. त्यानंतर २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी अटलांटिक महासागर उघडायला लागताना प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाले, हवामान बिघडलं आणि ट्रायासिकचा शेवट आणखी एका संहाराने झाला. फायटोसॉर संपले. बहुतेक मोठे टेम्नोस्पॉन्डिलही. पाण्यातली जागा रिकामी झाली.

ती कुणी भरली हे पाहायला पुन्हा महाराष्ट्रात यावं लागतं. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. तिथला चुनखडीचा थर जुरासिक, म्हणजे ट्रायासिकच्या लगेच नंतरच्या काळातला, माशांच्या सुंदर जीवाश्मांसाठी नावाजलेला. याच खडकमालेतून पुढे पोचमपल्लीजवळ बारापासॉरस हा अजस्र शाकाहारी डायनोसॉर निघाला, ज्याचा सांगाडा कोलकात्याच्या त्याच संस्थेत उभा आहे. त्याची बातमी सगळ्यांपर्यंत पोचली. कोट्याच्या मगरीची कुणी फारशी दखल घेतली नाही, हे डायनोसॉरवेड्या जगाला धरूनच आहे. कोट्याहून गेलेल्या मगरवर्गीय हाडांवर १८५२ मध्येच ओवेन यांनी टिपण लिहिलं होतं, मांगलीच्या कवटीच्याही आधी. धावणाऱ्या त्या पूर्वजांचे वंशज एव्हाना पाण्यात उतरले होते. पाय आखूड झाले होते, तोंड लांबलं होतं.

त्यानंतर जागेवर हक्क मगरींचाच राहिला, पण एकटीचा नाही. उत्तर अमेरिकेत चॅम्प्सोसॉरस नावाचा, सुसरीसारख्या तोंडाचा, मगरीशी काही संबंध नसलेला प्राणी मगरींच्या बरोबरीने नद्यांत होता आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा डायनोसॉरांचा संहारही त्याच्या वंशाने पचवला. पाकिस्तानात सापडलेला अँब्युलोसेटस हा देवमाशांचा चार पायांचा पूर्वजही, सस्तन असून, उथळ पाण्यात दबा धरून बसणाराच असावा असं त्याचं शरीर सांगतं.

आणि टेम्नोस्पॉन्डिल? सगळीकडून हद्दपार झाल्यावरही एका ठिकाणी त्यांनी जागा सोडली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाला, व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर, १२ कोटी वर्षांहून जुन्या खडकात कूलासुकसचे जबडे मिळाले. १९९७ मध्ये त्याचं नामकरण झालं. तोवर इतक्या अलीकडच्या काळात मोठा टेम्नोस्पॉन्डिल असेल यावर विश्वास बसणं अवघड होतं, कारण त्याचे बाकीचे भाऊबंद कोट्यवधी वर्षं आधीच गेले होते. ऑस्ट्रेलिया तेव्हा अंटार्क्टिकाला चिकटलेला होता आणि व्हिक्टोरियाचा तो भाग दक्षिण ध्रुवाजवळ होता. हिवाळा लांब, काळोखी आणि कडक. मगरीला शरीर तापवायला ऊन लागतं, अशा पाण्यात तिचा निभाव लागत नाही. उभयचराला थंडी तुलनेने सोसते. जपान-चीनमधल्या महाकाय सॅलमँडरला आजही थंड डोंगरी ओढेच मानवतात. म्हणजे मगर येऊ शकत नव्हती, तोवर जुन्या भाडेकरूला कुणी उठवलं नाही. पुढे हवा उबदार झाली आणि त्याच भागातल्या नंतरच्या थरांत मगरवर्गीय प्राण्यांची हाडं येऊ लागतात, कूलासुकसची नाहीत. २०२२ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने कूलासुकसला राज्याचा अधिकृत जीवाश्म जाहीर केलं.